टेपचं दुमडलेलं टोक

माझी थोरली बहीण ट्रकचे एसी दुरुस्त करते आणि तिचं डोकं मात्र कायम तापलेलं असतं. हा विनोद प्रत्येक नवा ड्रायव्हर एकदा करतो. दुसऱ्यांदा करायची कुणाची टाप नाही.

तिचा राग उगाचचा नाही. भावजी ट्रक चालवायचे. एका उन्हाळ्यात भर दुपारी तापलेल्या केबिनमध्ये त्यांना भोवळ आली, गाडी खड्ड्यात गेली, आणि आज ते घरात दोन काठ्यांवर फिरतात. तेव्हापासून एसीला कुणी चैन म्हटलं की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे काम ती पस्तिशीत शिकली आणि मग मलाही शिकवलं.

त्या सकाळी एक ड्रायव्हर आला. अंगातला शर्ट पिळून काढावा असा. दोन महिने एसी नुसती गरम हवा फेकत होता. गेल्या आठवड्यात स्टिअरिंगवरच त्याचे डोळे मिटले होते. मालक म्हणे, तूच नाजूक आहेस, आज दुपारी माल घेऊन निघाला नाहीस तर उद्या दुसरा ड्रायव्हर बघतो.

ताईने मीटर लावला. गॅस बरोबर होता. मग इंजिन चालू ठेवून बटण दाबायला लावलं आणि कान दिला. कॉम्प्रेसर सुरू होताना टक् असा आवाज येतो, तो आलाच नाही. म्हणजे तिथवर करंट पोचत नव्हता. ती वायर चाचपत फ्यूजच्या डब्यामागे गेली. तिथे वायर चक्क कापलेली होती, दोन्ही टोकांना व्यवस्थित टेप गुंडाळून.

ज्याने हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू झाला आणि मधेच थांबला. टेपचं टोक आत दुमडलेलं होतं. पुढच्याला नखाने सोडवता यावी म्हणून टेप अशी दुमडायची, हे तिनेच मला शिकवलं होतं. आमच्या रस्त्यावर दुसरं कुणी एवढे कष्ट घेत नाही.

तेव्हा मला आठवलं. हिवाळ्यात ताई भावजींना दवाखान्यात घेऊन गेली होती आणि मालक गाडी घेऊन आला होता. एसीत डिझेल फुकट जळतं, उन्हाळ्यात जोडून घेऊ, म्हणाला. मी वायर कापली, त्याच्याबरोबर चहा प्यायलो आणि विसरलो. त्या हलकटाला काही विसर पडला नव्हता.

"त्याला तूच सांग," ताई म्हणाली.

मी सांगितलं. ड्रायव्हरने वाकून कापलेली टोकं बघितली.

"मला वाटलं माझंच शरीर संपलं," तो म्हणाला. "बायकोलाही तेच सांगत होतो."

मी वायर जोडली. टक् आवाज आला, हवा गार झाली. तोवर ताईने मालकाला फोन लावून धुतला होता. या माणसाला काढलंस तर तुझी करणी इथे येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगेन, म्हणाली. ड्रायव्हर वेळेत निघाला. मग ती माझ्याकडे वळली.

"आता घरी जाऊन ह्यांनाही सांग."

भावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग वायर जोडायला किती वेळ लागला, एवढंच विचारलं. दोन मिनिटं, मी म्हणालो.

त्यांनी काठ्या जवळ ओढल्या.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "चालता हो माझ्या डोळ्यांसमोरून."