वडिलांचा ‘बट’

माझ्या वडिलांनी देवासला जन्मभर इंग्रजी शिकवलं. मोठ्या शब्दांचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव लहान शब्दांवर, त्यातही ‘बट’वर. आपण तो ‘पण’सारखा वापरतो, मुळात त्याचा अर्थ ‘बाहेर’, ‘वगळून’, हे ते भाजीवाल्यालाही ऐकवायचे. ‘बाय’ आणि ‘आउट’चे पूर्वज एकमेकांना चिकटून तो झाला. ‘ऑल बट वन’ म्हणजे एक सोडून सगळे, तिथे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. स्कॉटलंडात म्हणे दोन खोल्यांच्या घरातल्या बाहेरच्या खोलीलाच ‘बट’ म्हणत. “माणूस बटच्या आधी बोलतो ते समोरच्याला बरं वाटावं म्हणून,” ते सांगायचे. “खरं काय ते नंतर.” माझं प्रगतिपुस्तकही ते तसंच वाचत. कौतुक मनातल्या मनात, आणि ‘बट’च्या पुढचं सगळं मोठ्यानं.

आई गेल्यावर ते माझ्याकडे धारला राहायला आले. देवासला उरला त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका. दोघांचा रोज सकाळी फोन व्हायचा. विषय ठरलेले: गुडघे, गव्हाचा भाव आणि ओळखीतलं कोण गेलं.

माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सातला काकाच्या मुलाचा मला फोन आला. “ताई, बाबा गेले. बारा बजे ले जाएँगे. मोठ्या काकांना घेऊन या, अभी टाइम है.”

मी फोन घेऊन फाटकाबाहेर गेले. आमच्यात सुतक बातमी कानावर पडल्यापासून धरतात, आणि एकदा देवक बसलं की कार्य अडत नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. देवक बसायचं होतं दुपारी. तोवर ही बातमी घरात यायला नको. भटजींना विचारता आलं असतं. मात्र विचारायचं म्हणजे बोलून दाखवायचं. मी एकटीनंच ठरवून टाकलं. फार शहाणी समजत होते मी स्वतःला.

“त्याचा फोन नाही आला गं आज?” वडिलांनी चहा पिताना विचारलं.

“काका बरे आहेत. थकलेत जरा.”

‘पण’ मी मुद्दाम टाळला. नाहीतर त्यांनी मला तिथेच पकडलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी अक्षता टाकताना ते हसत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पाठवणी झाली, पाहुणे गेले, तेव्हा मी सांगितलं.

“फोन कधी आला होता?”

“देवकाच्या दिवशी. सकाळी सातला.”

“आणि नेलं कधी?”

“बाराला.”

धारहून देवास तीन तासांवर आहे, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. ते वही तपासायच्या आवाजात म्हणाले, “अगं, तुला माझ्या भावाचं सुतक कुठलं? तू लग्न होऊन दुसऱ्या कुळात गेलेली. आंघोळ केलीस की मोकळी. धरायचं ते मला एकट्याला. मी देवासला गेलो असतो, तुमचं कार्य झालंच असतं.”

एवढी साधी गोष्ट. दोन लग्नं आणि चार मौती निभावलेल्या मला ती सुचली नाही. “चुकलं बाबा,” म्हणून मी रडले. ते उठून आंघोळीला गेले.

आल्यावर ओल्या अंगानंच त्यांनी पुतण्याला फोन लावला. “चेहरा कसा होता रे त्याचा?”

पलीकडून तो बराच वेळ हिंदीत सांगत राहिला. वडील डोळे मिटून ‘हं, हं’ करत होते. मी जवळ बसायला गेले, तर त्यांनी डोळे न उघडता हातानं मला थांबवलं.