काळ्या लोकरीची बाटली

माझा थोरला भाऊ धुळाजी याला कुणी अडाणी म्हटलेलं मला खपत नाही. ऐंशी मेंढरांतली एकेक मेंढी तो तोंडावरून ओळखतो, कोणती कोणाची लेक तेही सांगतो. हसनाबादच्या शिवारात त्याला कशाचं भय नाही. पण भोकरदनच्या बसस्टँडवर हाच माणूस घाबरतो. बस लागली की तो पाटीकडं बघतच नाही, चढणाऱ्यांच्या तोंडाकडं बघतो. एकाला विचारतो, दुसऱ्याला विचारतो, तिसऱ्याला विचारायची त्याला लाज वाटते. एकदा असाच जालन्याच्या ऐवजी संभाजीनगरच्या बसमध्ये बसला आणि अर्ध्या वाटेत उतरून चालत परत आला. हे त्यानं आम्हाला दोन वर्षांनी सांगितलं.

दादा शाळेत गेला नाही, कारण मी गेलो. आमचं बिऱ्हाड तेव्हा वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरायचं. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं बारीक झालेला, मी चालायच्या कामाचा नव्हतो. बाबांनी सरळ वाटणी करून टाकली. म्हणाले, "धुळ्या दोघायचं चालंल, शिवा दोघायचं वाचंल." मला मावशीकडं ठेवलं, शाळेत घातलं. दादा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही.

दादा दोघांचं चालला. त्याच्या पायांवर मी बारावी झालो, मग भोकरदनला एका कचेरीत चिकटलो. आता माझ्या ढुंगणाखाली खुर्ची आहे, डोक्यावर पंखा आहे.

माझ्या वाट्याचं काम सोपं होतं. मोबाइल आल्यापासून तर फारच सोपं. दादाच्या फोनमध्ये माझ्या नंबरापुढं माझा फोटो आहे, त्यावर बोट ठेवून तो व्हिडिओ कॉल लावतो आणि हातात असेल ते कॅमेऱ्यापुढं धरतो. खताची गोणी, बँकेचं पत्र, औषधाची बाटली. "शिवा, ह्ये वाच." मी वाचतो. तो "बराबर" म्हणतो आणि फोन ठेवतो. ख्यालीखुशाली विचारायची त्याला सवय नाही.

शिवाय त्याच्या स्वतःच्या खुणा होत्याच. मेंढरांना पाजायचं जंताचं औषध आणि अंगावर फवारायचं गोचिडाचं औषध, दोन्ही एकाच दुकानातून, दोन्ही सारख्याच पांढऱ्या बाटल्यांत. गोचिडाचं म्हणजे विष. त्याच्या गळ्याला दादा काळ्या लोकरीचा धागा बांधायचा. धागा आहे ती बाटली तोंडाजवळ न्यायची नाही, धागा नाही ती पाजायची. पंधरा वर्षांत त्याची कधी चूक झाली नाही.

आणि बाबांनी घालून दिलेली आणखी एक रीत होती. झाडपाल्याच्या औषधांच्या काळातली. मेंढराला काही पाजायचं तर आधी आपण एक चूळ तोंडात घ्यायची. मुकं जनावर सांगू शकत नाही, म्हणून आधी आपली जीभ. दुकानातली बाटली आली की मी वाचायचो, त्यामुळे ही रीत मागं पडली होती. मी फोन घेतला की तिची गरज पडायची नाही.

त्या मंगळवारी मी फोन घेतला नाही.

लपवत नाही. आदल्या आठवड्यात दादाचा कॉल कचेरीत आला होता, स्पीकर चालू राहिला, आणि "शिवा, ह्ये वाच" हे अख्ख्या खोलीनं ऐकलं. केदार नावाचा आमचा एक पोरगेला कारकून आहे, तो दिवसभर माझ्यापुढं फायली धरून "शिवा, ह्ये वाच" करत राहिला. सगळे हसले. मीही हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही. तर त्या मंगळवारी साहेब समोर बसलेले, केदार बाजूला, आणि टेबलावर दादाचा फोटो उजळला. मी कट केला. दोन मिनिटांनी पुन्हा. कट. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी फोन उलटा करून ठेवला.

अर्ध्या तासानं वहिनीचा फोन आला. साखराबाई वहिनी मला स्वतः कधी फोन करत नाही. 

"भाऊजी, ह्यायच्या तोंडाला फेस येऊन राह्यलाय. अंग थडथड उडायलंय. औषध प्याले म्हणतेत. शेजारच्या भुजंगच्या जीपात घालून आणून राह्यलोय."

"कोणतं औषध?"

"काय म्हाईत भाऊजी. मला काय समजतं?"

"वहिनी, बाटली घेतली का?"

 "न्हाई."

मी ओरडलो. तिच्यावर ओरडायचा मला काय हक्क होता? जीप मागं फिरवली, बाटली घेतली, त्यात पंधरा मिनिटं गेली. ती पंधरा मिनिटं मी भोकरदनच्या दवाखान्याच्या फाटकात उभा होतो. डॉक्टर आत तयार होते, पण त्यांनी बजावलं होतं, "औषधाचं नाव कळल्याशिवाय मी अंदाजानं सुई देणार, आणि अंदाज चुकू शकतो."  हातातल्या फोनवर दादाचे तीन कॉल दिसत होते. अकरा बारा, अकरा चौदा, अकरा एकोणीस. मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचत होतो, कारण मला वाचता येतं.

जीप आली. दादाचा शर्ट लाळेनं ओला झाला होता, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. त्यानं मला ओळखलं की नाही, कळलं नाही. वहिनीनं पदराखालून बाटली काढली. मी वाचली. लाल पट्टीत छापलं होतं, फक्त बाह्य वापरासाठी. खाली विषाचं नाव. मी ते मोठ्यानं वाचलं, डॉक्टरांना ऐकू जाईल असं, आणि आवाज इतका फाटला की त्यांनी माझ्या हातातून बाटली घेऊन स्वतः वाचली.

नळी घालून पोट धुतलं. सुया सुरू झाल्या. बाहेर बाकावर वहिनी माझ्यापासून हातभर लांब बसली होती. ती म्हणाली, "धागा म्या तोडला, भाऊजी."

तिची लेक रेणुका बाळंतपणाला आली होती. नातू पाच दिवसांचा. दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या पायात काळी लोकर बांधायची होती. घरात हाताशी काळी लोकर तेवढीच होती. बाटलीच्या गळ्याची.

"दोन्ही बाटल्या बिनधाग्याच्या दिसल्या त्यायला. म्हणले, शिवाला इचारतो. मंग मेंढरं कोंडून ठिवले. मंग म्हणले, शिवा कामात हाय वाटतं. मंग एक बाटली उघडली आन् चूळ घेतली. जीभ पोळली तसं थुकले, पर घोट गेलताच. पडता पडता वरडले, एकाला बी पाजू नका."

ऐंशीच्या ऐंशी मेंढरं जिवंत होती. मी वहिनीला सांगायला हवं होतं की चूक तुझी नाही. सांगितलं नाही. ती बिचारी रात्रभर स्वतःलाच दोष देत बसली आणि मी तिला देऊ दिला.

चौथ्या दिवशी दादा उठून बसला. गालफडं बसलेली, आवाज गेलेला. खोलीत दोघंच होतो. मी म्हणालो, "दादा, मी कामात नव्हतो. मी मुद्दाम कट केला. लाज वाटली म्हणून."

 मी वाट बघत होतो की तो शिवी देईल. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"तीनदा लावलता," एवढंच तो म्हणाला.

सुट्टी मिळाली. नर्सनं गोळ्यांची पिशवी त्याच्या हातात दिली, त्यानं ती माझ्याकडं सरकवली. मी एकेक पाकीट उचलून नाव वाचलं, कशासाठी ते सांगितलं, सकाळची कोणती, संध्याकाळची कोणती. सगळं दोनदा वाचलं. दादा नीट ऐकत होता. मी सकाळची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा गिलास दिला.

त्यानं गिलास खाली ठेवला. गोळी उचलली, जिभेच्या टोकाला लावली आणि माझ्या तोंडाकडं बघत थांबला.