झेंड्याच्या दोरीवरचं घरटं

फाटकाच्या खांबाला पक्षाचा झेंडा मीच लावला होता. ड्रिलने भोकं पाडून, क्लॅम्प आवळून, दोरीला पक्की गाठ मारून. ज्यांना शिव्या घालत आम्ही मतं मागितली, त्यांच्याच मांडीला मांडी लावून गेल्या आठवड्यात आमचा पक्ष सत्तेत बसला. तिरीमिरीत झेंडा उतरवायला पाना घेऊन स्टुलावर चढलो, तर झेंड्याच्या लोंबत्या दोरीला शिंजीर पक्ष्याचं इवलंसं घरटं, आत दोन अंडी! तसाच खाली उतरलो.

“काय, अजून तिकडेच?” शेजारचे अण्णा झेंड्याकडे बघत रोज हसून विचारतात.

“पिल्लं उडेपर्यंत,” मी म्हणतो.

मादी घरट्यातून चोच बाहेर काढून निवांत बसलेली असते. झेंडा कुणाचा ते तिने पाहिलं नसणार. गाठ पक्की आहे का, तेवढंच पाहिलं असणार. गाठ माझ्याच हातची. त्या गाठीत आता मीच अडकलोय.