रेट : हवा तो रेट द्यावा

विमल मांढरे सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला लागली, आणि सहा महिने झाले तरी आपण नक्की काय काम करतो हे तिला कुणाला धड सांगता येत नव्हतं. दर्पण कॉलनीतल्या शेजारणी विचारायच्या, "विमल, सॉफ्टवेअर बनवतेस का गं?" ती म्हणायची, "नाही हो, ते कसं वापरायचं ते लिहिते." "म्हणजे जाहिरात?" "जाहिरात नाही, माहिती." शेजारणी मान डोलवायच्या आणि भाजीचा विषय काढायच्या.

त्याआधी एकोणीस वर्षं तिने शाळेच्या गाइडांची प्रुफं तपासली होती. सराफ्याच्या मागच्या गल्लीत त्या प्रकाशकाची दोन खोल्यांची कचेरी होती. गणिताच्या गाइडात मागे छापलेलं उत्तर चुकलं तर हजारो पोरं चुकतात, म्हणून विमल नुसतं शुद्धलेखन बघत नसे. गणित स्वतः सोडवून बघे. शंका आली की समीकरणात शून्य घालायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहायचं, ही तिची सवय. प्रकाशकाने धंदा गुंडाळला तेव्हा तिने पेपरातली जाहिरात पाहिली: हिंदी व इंग्रजी शुद्ध लिहिणारी व्यक्ती पाहिजे, पत्ता सिटी सेंटर. ती गेली आणि तिला घेतलं.

ही कंपनी 'पारख' नावाची लायब्ररी तयार करायची. लायब्ररी म्हटल्यावर विमलच्या डोळ्यांपुढे कपाटं आली होती. पहिल्याच दिवशी दौलतसिंह जाधवने तिचा गैरसमज दूर केला. पारखचा बराचसा भाग त्यानेच लिहिलेला. शहर हिंदी मुलखातलं; घरी मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे त्याचं बोलणं दोन्ही काठांना लागायचं.

"मॅडम, हे तयार तुकडे आहेत प्रोग्रॅमचे. दुसऱ्यांनी उचलायचे आणि आपलं मशीन बनवायचं. समजा, मोहरीच्या पानांचे हजार फोटो दाखवले, हे रोगट, हे निरोगी. फिर मशीन एक हजार एकवं पान स्वतः ओळखतं. बस, इतकंच."

इतकंच म्हणाला खरा, पण विमलला रात्रभर कोडं पडलं की मशीन ओळखतं म्हणजे करतं काय.

त्यात ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या एका कंपनीने ही कंपनी विकत घेतली. पुण्याकडेही तसलीच लायब्ररी होती, तिचं नाव 'निकष'. दोन्ही मिळून एक करायची असं ठरलं, आणि जोडलेली पहिली आवृत्ती घाईने वापरणाऱ्यांना दिलीही. माणसांचंही तसंच झालं. टेबलं हलली, हुद्दे बदलले, रजेचे अर्ज दोन प्रकारचे झाले आणि कुठला कुणाला द्यायचा हे कुणाला ठाऊक नव्हतं. काही जागा कमी होणार, अशीही कुजबुज होती. विमलच्या वाट्याला दोन माहितीपुस्तकं आली, एक तीनशे पानांचं, दुसरं दोनशे साठ, आणि हुकूम आला की दोन्हींचं एक करा.

ती पानापानाने पुढे गेली. एका पानावर येऊन अडली. तिथे एका तुकड्याची माहिती होती, आणि त्याला द्यायच्या आकड्यापुढे लिहिलं होतं: 'रेट : हवा तो रेट द्यावा.' निकषच्या पुस्तकातही तोच तुकडा, आणि वाक्यही जवळजवळ तेच. पण हवा म्हणजे कुणाला हवा, आणि कशाचा रेट?

ती दौलतसिंहकडे गेली. तो खुशीत होता, त्याने खुर्ची वळवली.

"हे बघा, समजा वर्गात शंभर पोरं आहेत. रोज त्यातली वीस बाहेर उभी करायची, रोज वेगळी वीस. मग कुणा हुशार पोराच्या भरवशावर वर्ग राहत नाही, सगळ्यांना शिकावं लागतं. मशीनच्या आतही असंच, काही भाग मधूनमधून बंद ठेवायचे. नाहीतर ते रट्टा मारतं, नुसतं पाठ करतं."

"मग रेट पॉइंट दोन म्हणजे वीस बाहेर?"

"और क्या! ये तो सब जानते हैं."

विमलला एकदम बरं वाटलं. तिने लिहून टाकलं. मग शिस्त म्हणून पुण्याला फोन लावला. निकष लिहिणारे गोपाळकृष्ण घाईत होते, पण सभ्य होते.

"ताई, पॉइंट दोन म्हणजे वीस आत."

"आत?"

"आत. बाहेर ऐंशी. इतके कमी कुणी ठेवत नाही म्हणा, पॉइंट आठ द्यावा. उघड आहे हे. फोन ठेवू का?"

फोन ठेवल्यावर विमल वहीकडे बघत राहिली. एका ओळीत वीस बाहेर, खालच्या ओळीत वीस आत. आपलंच ऐकायचं चुकलं असणार. इतकी शिकलेली माणसं, दोघंही 'उघड आहे' म्हणतात, म्हणजे न कळणारी आपणच.

घरी तिने नवऱ्याला सांगून पाहिलं. उमाजीराव फौजेतून निवृत्त झालेले, आता एका बँकेत पहाऱ्यावर. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"एक साहेब म्हणतो डावीकडे वळ, दुसरा म्हणतो उजवीकडे. मग पलटण काय करते?"

"काय करते?"

"उभी राहते."

"अहो, तशी मी दुपारपासून उभीच आहे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुनी सवय वापरली. पुस्तकातला नमुना प्रोग्रॅम तसाच्या तसा उतरवून चालवायला ती एव्हाना शिकली होती. रेटच्या जागी तिने शून्य घातलं. शून्य बाहेर असतील तर सगळे आत. शून्य आत असतील तर वर्ग रिकामा. यात तरी मधलं काही निघायचं नाही.

पारखच्या बाजूचा नमुना चालला. मोहरीच्या शंभर पानांतली एक्याण्णव त्याने बरोबर ओळखली. मग तिने निकषच्या बाजूचा चालवला. त्याने शंभरच्या शंभर पानं निरोगी ठरवली. काळी पडलेली निरोगी, भोकं पडलेली निरोगी. तिने पुन्हा चालवलं, तिसऱ्यांदा चालवलं. सगळी पानं ठणठणीत.

एकाच शब्दाची दोन उत्तरं कशी येतील? आपण काहीतरी मोडलं! तिने कॉम्प्युटर बंद केला, कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि परत येऊन दुसऱ्याच प्रकरणाची पानं लावू लागली. दोन दिवस ती याबद्दल अवाक्षर बोलली नाही. दौलतसिंह समोरून गेला की ती मान खाली घालायची. जागा कमी होण्याच्या दिवसांत असलं कोण कबूल करणार?

तिसऱ्या दिवशी तिच्याकडे एक पत्र आलं. लायब्ररी वापरणाऱ्यांच्या तक्रारी हल्ली तिच्याकडेच ढकलल्या जात. सबलगडच्या बाजूला मोहरीच्या रोगांवर काम करणाऱ्या सुधाताई पवार यांचं ते पत्र होतं. मागच्या वर्षी निरोगी-रोगट छान ओळखणारा त्यांचा प्रोग्रॅम नवी जोडलेली लायब्ररी घेतल्यापासून आंधळा झाला होता. रेट आधीचाच, पॉइंट दोन. तीन आठवडे त्या स्वतःची चूक शोधत होत्या. फोटोच वाईट असतील म्हणून शेतांतून हिंडून चारशे फोटो नव्याने काढले होते. शेवटची ओळ अशी होती: 'माझंच काही चुकत असेल तर कृपया सांगावं.'

विमलने ती ओळ दोनदा वाचली. मग उठून सरळ दौलतसिंहच्या टेबलाशी गेली.

"मला वाटतं मी काहीतरी बिघडवलंय. पण आधी पुण्याचा फोन लावा. मला दोघांशी एकदम बोलायचंय."

पडद्यावर गोपाळकृष्ण आले. विमलने शून्याची हकीकत सांगितली. मध्ये दोनदा पाणी प्यायली. 

"तुमच्यात रेट म्हणजे ठेवायचा हिस्सा?" दौलतसिंहने विचारलं.

"अर्थात. तुमच्यात टाकून द्यायचा?"

दोघांनीही इतके दिवस फक्त आपापली बाजू चालवून पाहिली होती. जोडणी झाल्यावर सुधाताईंच्या प्रोग्रॅमला पारखऐवजी निकषचा तुकडा मिळाला होता, आणि त्यांच्या वर्गात शंभरातले वीसच उरले होते. मोडलं कुणी काही नव्हतं. विमलला हायसं वाटलं, पण कुणी शाबासकी देण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. दोघांची आता खरा अर्थ कुणाचा यावर जुंपली होती. अर्धा तास झाला.

"बरोबर कुणाचं ते तुम्ही ठरवा," विमल शेवटी म्हणाली. "पण तोवर मी पानावर काय लिहू?"

दोघं पुन्हा आपापल्या अर्थावर आले. तेव्हा तिने स्वतःच लिहिलं: 'लक्ष द्या. या लायब्ररीत रेट या शब्दाचे सध्या दोन अर्थ आहेत. पारखच्या तुकड्यात तो टाकून द्यायचा हिस्सा आहे, निकषच्या तुकड्यात ठेवायचा. हे गोंधळाचं आहे हे आम्हाला मान्य आहे. खात्री नसेल तर आधी शून्य घालून पाहा.'

"ऐसे कोई लिखता है क्या?" दौलतसिंह म्हणाला. पण त्याने ते खोडलं नाही, आणि पुण्यानेही खोडलं नाही.

मग तिने सुधाताईंना फोन केला. रेटचे दोन अर्थ समजावून सांगितले.

"म्हणजे माझे फोटो ठीक होते?"

"ठीक होते. आमच्या पुस्तकाचंच पान चुकीचं होतं."

"आधीचेही ठीक होते?"

"आधीचेही. मला माफ करा, हे मला दोन दिवस आधीच सांगता आलं असतं."

सुधाताई रागावल्या नाहीत. हसल्या, आणि चारशे नवे फोटो आता कामाला येतील म्हणाल्या.

दीड महिन्याने निर्णय झाला: रेट म्हणजे सगळीकडे टाकायचा हिस्सा. विमलने एक्केचाळीस पानं पुन्हा लिहिली. त्याच आठवड्यात फेररचनेचं पत्र आलं. तिची नोकरी राहिली, पण नव्या हुद्द्याचं नाव दीड ओळीचं होतं. तिने ते दौलतसिंहला दाखवून अर्थ विचारला. त्याने आपलं पत्र काढून तिच्यापुढे धरलं. त्याचा हुद्दा दोन ओळींचा होता.

सुधाताई आता थेट तिलाच लिहितात. मागच्या सोमवारी त्यांनी विचारलं, मशीनने एखादं पान रोगट ठरवलं तर ते कशावरून, हे कुठल्या पानावर सापडेल? विमलने सगळं पुस्तक चाळलं. असं पान नव्हतं. तिने उत्तर लिहिलं, 'मलाही कळलेलं नाही. विचारून कळवते,' आणि वही घेऊन उठली.