पाण्याचे चार शब्द

नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत एक सरकारी साहेब पाण्याची पाहणी करायला यायचे. विहिरीचा घोट तोंडात धरून डोळे मिटायचे. माडांची सावली सरकायची, तरी घोट तोंडातच.

आधीच्या पाहणीत छापील शब्द होते: उत्तम, समाधानकारक, वाईट. आलेल्या पाहुण्याला घरचं पाणी वाईट कोण सांगेल? सगळं गाव ‘बरं आहे’ म्हणालं, कागदावर ‘समाधानकारक’ पडलं आणि वाईट पाण्याच्या गावांना मिळणारा नळ आमचा हुकला. तो राग अजून डोक्यात आहे.

या साहेबांनी ते शब्द खोडून स्वतःचे लिहिले: पिण्याजोगं, भांड्यांपुरतं, झाडांपुरतं, झाडालाही नको. मग शेजारची मावशीसुद्धा न लाजता म्हणाली, “भांड्यांपुरतंच हाय, बाबा.”

मला नळ हवाच होता. म्हणालो, “साहेब, माझ्या विहिरीला शेवटचा शब्द टाका.”

त्यांनी घोट घेतला. “झाडांपुरतं.”

“अहो, एक पायरी उतरा की!”

“केळीची पानं हिरवी आहेत, शेठ.”

सौदा मी अर्ध्यावर सोडला तो तेवढा एकदाच. नळ त्या खऱ्या शब्दावरच आला.

आता केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्यात. विहिरीशी गेलो की वाटतं, ते समोर डोळे मिटून उभे आहेत. त्यांनी डोळे उघडू नयेत; पानं दिसली तर शेवटचा शब्द टाकतील.