कजोल

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामठ्याला सासरच्या अंगणात धान वाळवत होते. फोन ठेवला, आधी उरलेलं धान पसरून घेतलं... मग रडले. तेरवीला माहेरी आमगावला त्याचे विद्यार्थी दाटीवाटीनं बसले होते. "सरांनी कधी आवाज चढवला नाही," प्रत्येकजण सांगत होता. खरं आहे. माझ्या थोरल्या भावाला आवाज चढवायची गरजच पडली नाही.

नववीच्या वर्गात त्यानंच मला इंग्रजी शिकवलं; शाळेत मीही त्याला सरच म्हणायची. एकदा फळ्यावर 'कजोल' हे क्रियापद लिहून म्हणाला, "जोर नाही, धमकी नाही. गोड बोलून समोरच्याकडून त्याच्या मनात नसलेलं करून घ्यायचं." मी विचारलं, "सर, समोरच्याला ते कळलं तर?" "कळलं तरी त्याला नाही म्हणता येत नाही. त्यातच कसब." वर्ग हसला. मीही हसले, मूर्खासारखी.

नवरा वारल्यावर माझं सासरी मन लागेना. आजोबांनी बांधलेल्या तलावाच्या खालच्या अंगाला आमची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत आहे. तिच्यातल्या माझ्या वाट्यावर दोन खोल्या टाकून राहायचं मी ठरवलं होतं. भाऊबीजेला ओवाळून झालं आणि भाऊनं हक्कसोडीचा कागद काढला. "बाई, या वयात चिखल कायले तुडवतेस? मी आहो ना. हे घर तुहंच आहे, कवाही ये." वहिनीनं साडी पुढे केली. आमच्याकडे बहिणी अशाच सह्या करतात. तो बोलत होता आणि मला फळा दिसत होता. शब्द आठवला, अर्थ आठवला... आणि दोन दिवसांनी कचेरीत जाऊन मी सही करून आले. पुढच्या दिवाळीला पिशवी भरून राहायला गेले, तर तिसऱ्या दिवशी त्यानं तितक्याच गोडीनं विचारलं, "बाई, वापस कवा जाऊन राहिली?" मी अजून सासरच्या पडवीतच राहते.

शेवटची भेट गोंदियाच्या दवाखान्यात झाली. त्यानं माझा हात घट्ट धरला. "बाई, एकदा म्हन नं, का तुहा माह्यावर राग नाही." राग होता. आजही आहे. बांधी सरळ मागितली असती तर भांडले असते, कदाचित दिलीही असती. पण कामठ्याची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती आणि तो हात सोडत नव्हता. मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. "कायचा राग, भाऊ? तू तं माह्या बापाच्या जागी," जमेल तितकं गोड म्हणाले. तो कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिला... मग त्यानं हात सोडला. मला एसटी मिळाली.