माझ्या वाट्याचा भूकंप

घड्याळ कंपनीचा जपानी पाहुणा येणार म्हणून आमच्या शोरूममध्ये आठवडाभर पाठांतर चालू होतं. ओमानमधल्या अझैबातल्या त्या घड्याळांच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. वसईची शाळा सुटली तशी घोकंपट्टीही सुटली असं मला वाटलं होतं, पण कसलं काय. ज्या कंपनीची घड्याळं आम्ही विकतो, तिचा इतिहास मॅनेजरने तुकडे करून आम्हा सेल्सवाल्यांना वाटून दिला. एकाला संस्थापकाचं पहिलं दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्याला भिंतीवरची घड्याळं, तिसऱ्याला क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं घड्याळ, ज्याने म्हणे स्वित्झर्लंडवाल्यांची झोप उडवली. माझ्या वाट्याला भूकंप आला.

भूकंपाची गोष्ट अशी. टोकियो हादरलं, आगी लागल्या, संस्थापकाचा कारखाना आणि दुकान जळून खाक झालं. लोकांनी दुरुस्तीला दिलेली घड्याळंही त्यात गेली. त्याने पेपरात जाहिरात देऊन त्या लोकांना बोलावलं आणि प्रत्येकाला नवं घड्याळ दिलं. 'प्रत्येकाला' या शब्दावर जोर द्यायचा आणि जरासं हसायचं, असं मॅनेजरने मला शिकवलं. मेल्याला हसू सुचत होतं.

कारण महिन्याभरापूर्वीच आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं. वादी, म्हणजे एरवी कोरडा ठणठणीत पडलेला ओढा, एका संध्याकाळी फुगून रस्त्यावर आला. दुरुस्तीला आलेली घड्याळं तळघरात असायची. पावसाचा इशारा आदल्या दिवशीच आला होता. सगळं वर आणू या, असं मी सांगून सांगून थकले. मॅनेजरने विक्रीचा नवा माल तेवढा वर नेला आणि लोकांची घड्याळं खालीच राहू दिली. सकाळी ट्रेमधली घड्याळं गाळाने भरलेली होती.

त्यात चाचांचं घड्याळ होतं. चाचा म्हसळ्याकडचे. इथून तीन तासांवरच्या इब्रीत कापडाचं दुकान चालवण्यात त्यांचा जन्म गेला आणि आता ते कायमचे गावाला निघाले होते. ओमानात आले त्या वर्षी घेतलेलं ऑटोमॅटिक, अरबीत वार दाखवणारं, शुक्रवार लाल अक्षरांत. निघण्याआधी सर्व्हिसिंग करून घ्यावं म्हणून त्यांनी ते आमच्याकडे दिलं. चालतं घड्याळ हातावर बांधून घरी उतरायचं, एवढीच त्यांची हौस. त्यासाठी त्यांनी इब्रीहून खेपा घातल्या. पट्ट्याच्या जागी मनगटावर पांढरा डाग राहिला होता, बोलताना तो ते अंगठ्याने चोळायचे. मॅनेजर दर वेळी केबिनमधूनच निरोप द्यायचा की नैसर्गिक आपत्ती आहे, दुकानाची जबाबदारी नाही, नव्यावर डिस्काउंट घ्या. चाचा भांडायचे नाहीत, त्यामुळे माझंच डोकं फिरायचं.

शेवटी मी केबिनमध्ये गेले आणि विचारलं, मग तो भूकंप मी कशाला पाठ करतेय?

त्याने फोनवरून नजरही काढली नाही. "ती गोष्ट ग्राहकाला सांगायची असते. आपण पाळायची नसते."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाचं तोंड बघायची इच्छा उरली नव्हती, पण व्हिसा त्याच्याच हातात. म्हणून तशीच काउंटरवर परत आले. चाचांचं विमान पाहुणा येणार त्याच रात्री होतं. मी फोन करून त्यांना पाहुण्याच्या वेळेलाच बोलावलं.

पाहुणा आला, चाचाही आले, आम्ही रांगेत उभे राहिलो. माझी पाळी आली तशी मी भूकंप म्हटला, न हसता. आणि थांबले नाही. इंग्रजीतच म्हटलं, "सर, आमच्याकडेही पाणी आलं. लोकांची घड्याळं गेली. त्यांतले एक हे इथे उभे आहेत. यांना कधी देणार?"

मॅनेजरचा चेहरा उतरला. पाहुणा चाचांपुढे कमरेत वाकला, चांगला खाली वाकला, फार वाईट वाटतं म्हणाला. मग हळू आवाजात त्याने समजावलं की कंपनी वेगळी, दुकान एजन्सीचं, हा प्रश्न एजन्सीचा आहे. इतक्या अदबीने हात झटकलेले मी पहिल्यांदा पाहिले.

तेवढ्यात मॅनेजरला शहाणपण सुचलं. त्याने शोकेसमधून एक नवा डबा काढला, फोटोवाल्या पोराला जवळ बोलावलं आणि चाचांच्या खांद्यावर हात टाकला. घ्या चाचा, कंपनीकडून भेट, म्हणाला. मला वाटलं, फोटो तर फोटो, निदान घड्याळ तरी मिळेल. घ्या, असं मी डोळ्यांनी खुणावलंही.

चाचांनी डबा काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे त्यांचं जुनं घड्याळ मागितलं. मी आणून दिलं. काचेच्या आत गाळ सुकला होता, काटे हलत नव्हते. त्यांनी ते पांढऱ्या डागावर बांधलं, पट्टा नीट बसवला.

"त्या माणसाचं स्वतःचं दुकान जळालं होतं, तरी त्याने दिलं," ते मॅनेजरला म्हणाले. "तुझं काय जळालं?"

आणि ते गेले. मॅनेजरने डबा उचलून शोकेसमध्ये ठेवला, कुलूप लावलं आणि क्वार्ट्झवाल्याला म्हणाला, चल, तुझं म्हण.